कोपऱ्यातल्या वाफ्याची माती

५ जानेवारी

दादा,

कसा आहेस, असं विचारत नाही, कारण उत्तर येणार नाही. फोन तू उचलत नाहीस. मेसेज न उघडता पुसतोस. पण कागद तुझ्याच्याने फेकवत नाही. पाठकोऱ्या बाजूवर रोपांच्या जाती लिहून तू तो ट्रेच्या कडेला खोचतोस. म्हणून प्रत्येक पानाची मागची बाजू कोरी सोडली आहे. पुढची वाच, मागची वापर.

मला तुझ्याकडून एक पिशवी माती हवी आहे. नर्सरीतल्या कोपऱ्यातल्या वाफ्याची, पाण्याच्या टाकीमागच्या. दुसरी कुठलीही चालणार नाही.

वहिनीकडून कळलं की तिथे तू पॅकिंगची शेड घालतो आहेस आणि महिनाअखेरीस काँक्रीट ओतणार आहेस. शेड तुझी, जागा तुझी. त्यात मी नाक खुपसत नाही. ओतण्याआधी माती काढून दे, एवढंच.

आता कशासाठी ते सांगते. ज्या वर्षी टोमॅटोच्या सगळ्या रोपांना मर लागली आणि ट्रेच्या ट्रे माना टाकून आडवे झाले, त्या वर्षी तेवढ्या एका वाफ्यातली रोपं ताठ उभी होती. तू म्हणालास, टाकी गळते म्हणून. मी म्हटलं, टाकी तर पलीकडेही गळते, तिकडची का मेली? त्या वाफ्यातल्या मुळांवरूनच मी एक जिवाणू वेगळा काढला आणि त्याच्या जोरावर मला या लॅबमध्ये घेतलं. कागदोपत्री त्याला नुसता नंबर आहे. आम्ही आपसांत त्याला 'कोपऱ्यातला' म्हणतो.

हा करतो काय, तर मूळ शोधतो. त्याला डोळे नाहीत, नाक नाही. पण समज, अंधाऱ्या घरात तू शिरलास आणि कुठेतरी काहीतरी शिजत असल्याचा वास आला, तर तू काय करशील? दोन पावलं टाकशील, हुंगशील. वास वाढला तर तसाच पुढे, कमी झाला तर वळशील. हा तेच करतो. मुळं मातीत साखर सोडतात, काही आंबट द्रव्यं सोडतात. हा शेपटीसारखा धागा फिरवत मातीतल्या पाण्यात थोडा पोहतो, गिरकी घेतो, पुन्हा पोहतो. आत्ताची चव मघाच्या चवीशी ताडून पाहतो. असं करत करत मुळापाशी येतो. आल्यावर एकटा काही करत नाही. प्रत्येक जण अंगातून एक द्रव्य बाहेर सोडत असतो. ते भोवती पुरेसं साठलं की त्यांना कळतं, आता आपण कामापुरते जमलो. मग सगळे मिळून मुळावर एक चिकट थर धरतात आणि मर आणणाऱ्या बुरशीला टेकायला जागा उरत नाही.

गोम अशी आहे की आमच्या लॅबमधला 'कोपऱ्यातला' यातलं काहीच करत नाही.

काचेच्या दोन पट्ट्यांत मी मातीचा पातळ थर भरते. एका टोकाला टोमॅटोचं कोवळं रोप, दुसऱ्या टोकाला जिवाणू. वाट पाहायची. मी कितीतरी वेळा करून पाहिलं. गडी जागचा हलत नाही. सोडलेल्या जागी खातो, वाढतो, तिथेच बसून राहतो. इतके दिवस हे कोणाच्या लक्षात आलं नाही, कारण कुंडीतल्या प्रयोगात आम्ही त्याला थेट मुळावर ओततो. दारात नेऊन सोडल्यावर घर शोधायची गरज कोणाला पडते?

आणि एक कंपनी हेच कल्चर, म्हणजे लॅबमध्ये वाढवलेला हा जिवाणू, बाटलीत भरून तुझ्यासारख्या नर्सरीवाल्यांना विकणार आहे. लोक ते पाण्यातून वरून देतील. तो वरच बसेल. रोपं मरतील आणि लोक म्हणतील, जिवाणू-बिवाणू सगळं थोतांड आहे.

मी मॅडमना सांगितलं. त्या माझ्या मार्गदर्शक. ओरडल्या नाहीत. म्हणाल्या, "तो शोधायचं विसरलाय असं तू म्हणतेस. कदाचित त्याला कधी येतच नसेल. कदाचित तुझी काचेची पेटीच चुकीची असेल. मूळचा आणून शेजारी ठेव. तो चालला आणि हा बसला, तर मी कंपनीला थांबवते." मूळची कुपी, वाफ्यातून काढला तेव्हाच गोठवून ठेवलेली, आमच्याकडे होती. लॅब नव्या इमारतीत हलवताना तो फ्रीजर बंद पडला आणि कोणाला कळलं नाही. उरलेत ते सगळे नंतरचे.

म्हणजे मूळचा आता एकाच ठिकाणी आहे. तुझ्या टाकीमागे.

वरची सुकी माती बाजूला सार. वीतभर खोल जा. जुन्या रोपांची बारीक मुळं लागतील, ती मातीसकट घे. कापडी पिशवीत भर, प्लास्टिकच्या नको, घुसमटेल.

तुझी धाकटी

१५ जानेवारी

दादा,

तुझं उत्तर मिळालं. म्हणजे तू दिलं नाहीस, मला ते ऐकू आलं. वहिनीने मला फोन लावला, तो चालू ठेवून टेबलावर उपडा घातला आणि तुझ्याशी बोलायला लागली. तिला रागावू नकोस. रागावलास तरी ती ऐकणार नाही म्हणा.

ती म्हणाली, "काय लिहिलंय हो पत्रात?"

"माती मागतेय."

"मग देऊन टाका की."

"तिकडे माती नाही का? एवढी मोठी इमारत काय हवेत बांधलीय?"

"तिला आपलीच हवी आहे."

"आपली म्हणजे? चालून आलेली नोकरी लाथाडली तेव्हा आपलं-परकं कळलं नाही. मी त्या साहेबाच्या दारात किती वेळा उभा राहिलो, विचार तिला."

"ते झालं आता. किती दिवस तेच उगाळणार?"

"आणि सारखं कोपऱ्यातला, कोपऱ्यातला. जिवाणू आहे का जावई?"

वहिनी हसली. मीही इकडे हसले, तोंडावर हात ठेवून. पण तुझ्या प्रश्नांना उत्तरं देणं भाग आहे, म्हणून बसले आहे.

इकडे माती आहे. बागेतली, मैदानातली, रस्त्याकडेची, सगळी तपासून पाहिली. त्याच जातीचे जिवाणू आहेतही. पण मला सिद्ध हे करायचंय की आमच्या कुपीतला बदलला, आणि त्यासाठी त्याचेच सख्खे हवेत. दुसऱ्याच्या घरचं माणूस उभं करून आपलं माणूस असं नव्हतं, हे कसं सांगता येईल?

तो बदलला कसा, तेही मला आता कळलं आहे, आणि त्यात कोणी वाईट वागलेलं नाही. आमची एक रीत आहे. ताटलीवर जिवाणूंच्या वसाहती उगवतात, छोटे छोटे ठिपके. त्यातला एक तारेच्या टोकाने उचलायचा आणि नव्या ताटलीवर लावायचा. कुठला उचलायचा? जो नीट, गोल, गुळगुळीत असेल तो. काही ठिपके सुरकुतलेले, चिवट असतात. तारेला लोंबतात, पसरवताना गोळा होतात. ते कोणी घेत नाही. मी आले तेव्हा मलाही हेच शिकवलं, "स्वच्छ दिसतोय तो घे." आता हे सुरकुतलेले कोण? तर मुळावर थर धरणारे, चिकटणारे. कामाचे तेच होते. आम्ही दर वेळी गुणी दिसणारा निवडला आणि कामाचा मागे ठेवला. त्यातून ताटलीत चहूकडे आयतं अन्न. शोधायचं काही नाहीच. शोधायची ताकद बाळगायलाही खर्च लागतो. ज्याने ती सोडली तो भराभर वाढला.

कोणी ठरवून केलं नाही. सगळ्यांनी मन लावून, हात स्वच्छ धुऊन केलं.

नोकरीचं म्हणशील, तर तू किती खेटे घातलेस ते मला ठाऊक आहे. माती तपासणी केंद्र, पक्की नोकरी, घरापासून सायकलच्या अंतरावर. ते काम हलकं आहे असं मी कधी म्हटलं नाही. पण तिथे मातीत काय काय किती आहे ते मोजतात. तिच्यात कोण राहतं आणि त्यांना काय कळतं, हे विचारायला तिथे रकाना नाही. मला ते विचारायचं आहे. तू म्हणालास, "घरातली पहिली पदवीधर तू. पहिलीच भरकटली तर मागच्यांना कोणी शाळेचं दारही दाखवणार नाही." मला नेमकं उलट वाटतं. पहिली जर पहिल्या सावलीला बसली, तर मागच्यांना वाटेल, रस्ता तेवढाच आहे. तुझी लेक आत्ताच विचारते ना, की गांडुळाला पुढचं कसं कळतं? तिला काय सांगशील, केंद्रात जागा निघाली की कळेल?

हे तुला उद्धट वाटेल. वाटू दे. मी चांगल्या मनाने लिहिते आहे.

एक गोष्ट आधीच सांगून टाकते. वहिनी म्हणाली, "ते बाजारात गेले की मीच भरते गुपचूप. त्यांना पत्ताही लागणार नाही." मी नको म्हटलं. ती चिडली. म्हणाली, "तुम्ही दोघं एका माळेचे मणी. मरा भांडत." पण दादा, मी बाटलीवाल्यांना खरं सांगा म्हणून भांडते आहे, आणि त्यासाठी तुझ्या वाफ्यातली माती तुझ्या पाठीमागे उचलून आणू? ते मला जमणार नाही. मी स्वतः येऊनही नेली असती, पण "ती नोकरी घेईपर्यंत नर्सरीत पाऊल ठेवू नकोस" हे तुझे शब्द. तुझी जागा, तुझा शब्द. तू दिलीस तर ती माती माझी. नाहीतर तुझं काँक्रीट आणि माझं नशीब.

कंपनीचे लोक फेब्रुवारीच्या मध्याला कल्चर न्यायला येणार आहेत. मॅडम त्याहून पुढे थांबू शकत नाहीत.

वाट पाहते. रोज टपालाच्या खोलीत डोकावते. तिथला कारकून म्हणतो, "कोणाच्या पत्राची एवढी?" मी सांगते, "मातीची." आता तो मला पाहिलं की आपणच मान हलवतो.

धाकटीच

२८ जानेवारी

दादा,

पिशवी आली.

टपालातल्या कारकुनाने ती दोन्ही हातांनी उचलून दिली आणि म्हणाला, "घ्या, मायेरची माणसं जड आहेत तुमची." मी जिने धावतच चढले. तू पाठवलीस. चिठ्ठी नाही, पाठवणाऱ्याचं नाव नाही, पण पिशवीच्या तोंडाची गाठ तुझी. सुटता सुटेना.

वरच्या पायरीवरच उघडली. माती सुंदर होती. काळी, मऊ, एकसारखी चाळलेली. खडा नाही, काडी नाही, एकही मूळ नाही. हातात घेतली तर कोरडी आणि तिला कसलाच वास नाही. जिवंत मातीला वास असतो.

वहिनीला फोन केला. तिने सगळं सांगितलं. काँक्रीट ओतायच्या दिवशी मिक्सर सुरू झाला आणि तू गवंड्याला म्हणालास, "थांब जरा." आणि कुदळ घेऊन टाकीमागे गेलास. गवंडी ओरडत होता, "मालक, माल घट्ट होतोय." तू म्हणालास, "होऊ दे." मुळं लागेपर्यंत खणलंस. मग टोपलं भरून बाजूला नेलंस, माती चाळलीस आणि ड्रमात घालून तिला वाफ दिलीस.

"वाफ?" मी विचारलं.

"अगं, दिली. बटाटा शिजेपर्यंत," वहिनी म्हणाली. "म्हणाले, तिकडे मोठ्या लोकांत जायचीय, रोगट माती पाठवून आपली लाज कशाला काढायची."

मी फोन ठेवला आणि जिन्यातच बसले.

मला तुझी रीत माहीत आहे. कच्चा बटाटा मातीत पुरायचा, खालून वाफ सोडायची, बटाटा शिजला की माती झाली. तणाचं बी मेलं, बुरशी मेली, किडे मेले. वाफ न दिलेली माती दुसऱ्याला देणं म्हणजे तुझ्या लेखी आजार हातात ठेवणं. मी पत्रात मुळं सांगितली, खोली सांगितली, कापडी पिशवी सांगितली. जिवंत हवी हे लिहायचं सुचलंच नाही. ते इतकं उघड वाटलं. आणि तुला तितकंच उघड वाटलं की बहिणीला द्यायची तर स्वच्छ करून द्यावी.

तू मला तुझ्या परीने सगळ्यात चांगली माती पाठवलीस. आणि त्याच दुपारी वाफ्यावर काँक्रीट पडलं. आता दुसरी पिशवी नाही.

लॅबमध्ये माझ्या शेजारी एक सिनियर बसतात. आम्ही त्यांना पाठीमागे 'पंचांग' म्हणतो, कारण त्यांना प्रत्येक कामाचा आधी अशुभ भाग दिसतो. त्यांनी माती चिमटीत घेतली, हुंगली आणि म्हणाले, "भाजलेली दिसते. कुंडीत घाला, एखादं फुलझाड लावा." मी पिशवी त्यांच्या हातातून काढून घेतली.

जिन्यात बसले असताना जे आठवलं, ते तुला सांगायचं आहे. हा जिवाणू भूकही ओळखतो. अन्न संपत आलं की त्याला आतून कळतं. लगेच हातपाय गाळत नाही. आधी शोधतो, मग वाट पाहतो, मग शेजाऱ्यांचा अंदाज घेतो. एका टप्प्यापर्यंत त्याला माघारी फिरता येतं. काहीच उपाय उरला नाही की मात्र तो आपल्याच पोटात आपला एक छोटा, कोरडा नमुना बांधतो, त्यावर कवचावर कवचं चढवतो आणि बाकीचं शरीर सोडून देतो. त्याला बीजाणू म्हणतात. तो खात नाही, हलत नाही. ऊन, दुष्काळ, उकळतं पाणी, बरंच काही सोसतो.

बटाटा शिजेल एवढी वाफ तो सोसतो का? पुस्तकं सांगतात, सोसतो. पण तुझ्या ड्रमात वाफ किती होती, किती वेळ होती, कोपऱ्यातल्या त्या वाफ्यात बीजाणू झाले तरी होते का, हे कुठल्याच पुस्तकात नाही. वाफा तर सतत ओला. टाकी गळते, तूच म्हणाला होतास. ज्याला कधी भूक लागली नाही, त्याने कवच कशाला बांधलं असेल?

माहीत नाही. पण आज माती पाण्यात कालवून ताटल्यांवर पसरली आहे. पिशवीतली निम्मी तशीच ठेवली आहे. या ताटल्या रिकाम्या निघाल्या तर दुसरं अन्न देऊन पाहीन, तेही नाही तर तिसरं. पिशवीत चिमूटभर उरेपर्यंत मी मॅडमना 'नाही' म्हणायला जाणार नाही.

आणि दादा, वाफ दिलीस म्हणून मी रागावलेले नाही. तुला कोणी सांगितलं असेल तर खोटं आहे. घटकाभर रागावले होते, ते मोजू नकोस.

धाकटी

६ फेब्रुवारी

दादा,

काल तुझा नंबर पाहून मला वाटलं वहिनीच असेल. मी म्हटलं, "बोल गं." तिकडून तू म्हणालास, "मेले का सगळे?"

मी म्हटलं, "नाही."

आणि तू फोन ठेवलास. एवढ्या महिन्यांनी केलेला फोन असा ठेवतात का? पण पत्र वाचतोस हे कळलं, म्हणून बाकीचं इथे सांगते.

पहिल्या दिवशी ताटल्या कोऱ्या होत्या. पंचांग रोज सकाळी येऊन माझ्या खांद्यावरून बघायचे आणि जिभेने चक् करायचे. तिसऱ्या सकाळी मी ताटली उजेडात तिरकी धरली, तर कडेला एक ठिपका. पांढरट, कोरडा, सुरकुतलेला. मग आणखी एक. दुपारपर्यंत इतर ताटल्यांवरही. आणि दुसरं काही नाही, दादा. एरवी मातीची ताटली म्हणजे भरलेला बाजार असतो. बुरश्या, नाना रंगांचे जिवाणू, एकमेकांच्या अंगावर चढलेले. त्यातून आपला शोधायला महिना जातो. इथे मैदान मोकळं होतं. जे वाफेत टिकले तेवढेच उठले.

मॅडम आल्या, ताटल्या पाहिल्या. विचारलं, "माती आधी तापवून घेतलीस का?"

मी म्हटलं, "भावाने."

"त्यांना कोणी सांगितलं?"

"कोणी नाही. लाज जाऊ नये म्हणून."

मॅडमना आधी समजलंच नाही. मग सगळं सांगितल्यावर खुर्चीत बसून इतक्या हसल्या की चष्मा काढून पुसावा लागला. बीजाणूवाले जिवाणू हवे असतील तर माती तापवूनच घेतात, आम्हीही तसंच करतो. मी कच्ची माती मागितली होती ती मुळांसाठी, चालत्या-फिरत्या जिवाणूंसाठी, आणि त्या नादात हे डोक्यात आलंच नव्हतं. तुलाही ते माहीत नव्हतं. कोणालाच श्रेय देता येत नाही असं हे काम झालं आहे. मला ते आवडलं.

आणि गरमीने त्यांचं काही बिघडलं नाही, उलट जाग यायला मदत झाली. बीजाणू नुसता पडून नसतो. कवचात बसून तो बाहेरची चव घेतच असतो. अन्नाचा पुरेसा इशारा मिळाला की कवच फोडतो.

पण ताटलीवर उठणं वेगळं आणि मुळाकडे जाणं वेगळं. त्यातल्या काही वसाहती उचलल्या. या वेळी मुद्दाम सुरकुतलेल्या, तारेला लोंबणाऱ्या. जनुकं तपासायला दिली. त्यातला एक आमच्या कुपीतल्याचा सख्खा निघाला. मोजक्या जागा सोडल्या तर सगळं तेच. मग काचेच्या दोन पेट्या शेजारी शेजारी ठेवल्या. एकीत कुपीतला, दुसरीत तू पाठवलेला. दोन्हींच्या टोकाला रोप. दोघांनाही हिरवट चमकणारा रंग दिला होता, म्हणजे कुठवर गेले ते दिसावं.

पहिला होता तिथे होता.

दुसऱ्याची कड आधी धूसर झाली. मग रोपाच्या बाजूला एक जीभ निघाली. वाकडी, थांबत थांबत जाणारी. मातीच्या एका कणाला वळसा घातला, एका सुक्या जागी अडली, बाजूने निघाली. आज दुपारी ती बारीक मुळाच्या टोकाला लागली. मुळाची कड हिरवी उजळली.

मॅडम माझ्याशेजारी उभ्या होत्या. पंचांगही होते. मग पंचांग म्हणाले, "म्हणजे आमचंही सगळं चुकलं." कारण त्यांच्या प्रबंधातही तोच कुपीतला आहे. मला त्यांचा चेहरा पाहवेना.

उद्या मॅडम कंपनीला फोन करणार. आणि मग माझ्याशी बोलणार आहेत. मला अंदाज आहे काय बोलतील. तुला आधी सांगते, म्हणजे कानावर दुसरीकडून येणार नाही: मी माघार घेणार नाही.

धाकटी

२ मार्च

दादा,

बाटली थांबली.

कंपनीचे साहेब स्वतः आले होते. म्हणाले, "मॅडम, लेबलं छापून झालीत." मॅडम म्हणाल्या, "त्यावर दुसरं काहीतरी चिकटवा." ते म्हणाले, "कुंडीत तर चांगलं काम करतंय ना?" मी म्हटलं, "कुंडीत आम्ही त्याला कडेवर घेऊन जातो. तुमच्या गिऱ्हाइकाकडे कोण नेणार?" माझं मध्ये बोलणं त्यांना आवडलं नाही. पण पेट्या दाखवल्यावर स्वतःच वाकून बघू लागले. आता ते नव्या जिवाणूसाठी एक वर्ष थांबायला तयार आहेत. कदाचित थांबणार नाहीत, दुसऱ्या कोणाकडे जातील. जाऊ देत.

मॅडमनी मला बसवून जे सांगितलं ते असं: माझा आजवरचा निम्मा प्रबंध कुपीतल्या जिवाणूवर आहे. तो तसाच सादर केला तर कोणी अडवणार नाही. आकडे खरे आहेत, प्रयोग नीट आहेत. पदवी मिळेल. नाहीतर तो भाग बाजूला ठेवून तू पाठवलेल्यावर पहिल्यापासून सुरुवात. शिष्यवृत्ती जूनमध्ये संपते. नंतर पहिल्या वर्षाच्या मुलांची प्रात्यक्षिकं घेण्याचं काम त्या मला देऊ शकतात. तेवढ्यावर राहावं लागेल, आणखी दोन वर्षं तरी.

पंचांग म्हणाले, "सादर कर आणि मोकळी हो. हात दाखवून अवलक्षण कशाला?" ते माझ्या भल्याचंच बोलत होते. त्यांच्यावर घर आहे, त्यांनी तसं करणं मला चुकीचं वाटत नाही. पण मला विचारलं तर ज्या जिवाणूला मूळ कुठे आहे हे कळत नाही, त्याच्याबद्दल 'हा मुळांचं रक्षण करतो' अशा नावाचं पुस्तक मी सही करून देऊ शकत नाही. मी मॅडमना पहिल्यापासून करते म्हणून सांगितलं. त्या म्हणाल्या, "घरी विचारलंस?" मी म्हटलं, "कळवते."

तर कळवते आहे. विचारत नाही, पण लपवतही नाही. केंद्रातली जागा अजून रिकामी आहे आणि तिथल्या साहेबांनी तुला पुन्हा विचारलं, हे वहिनीने सांगितलं. ती दुसऱ्या कोणाला देऊ देत. तुझ्याच ओळखीत एखादी हुशार मुलगी असेल, तिला ते काम आवडेल आणि ती ते माझ्याहून चांगलं करेल. मला हे काम आवडतं. ते संपायला वेळ लागेल आणि त्यात नक्की काय मिळेल ते आज सांगता येत नाही. तरी मी करणार आहे. तू रागावलास तरी करेन, पण तू रागावलेला नसलास तर जास्त चांगलं करेन, हेही खरं आहे.

वाफा गेला याचं मला वाईट वाटतं. तुला शेड लागत होती, मला माहीत आहे. तरी वाटतं.

आता कामाचं. काचेच्या पेटीत एक रोप जगवणं म्हणजे काही नाही. पुढचा प्रयोग खऱ्या रोपांवर, खऱ्या ट्रेमध्ये व्हायला हवा. निम्म्या ट्रेंना वरून पाण्यातून हा जिवाणू द्यायचा, निम्म्यांना नुसतं पाणी, आणि सगळ्यांत मर आणणारी बुरशी सोडायची. इकडच्या बाजारातली रोपं मी पाहिली. कोणत्या मातीत वाढवली, काय फवारलं, विकणाऱ्याला विचारलं तर तो वर बघतो. मला माणूस हवा ज्याला आपल्या ट्रेमध्ये काय घातलं ते माहीत आहे. टोमॅटोच्या रोपांचे वीस ट्रे, एकाच दिवशी पेरलेले, चार पानांवर आलेले, औषध न मारलेले. विभाग रीतसर ऑर्डर देईल, तुझ्या दराने. मी मॅडमना तुझं नाव सांगितलं आहे. कोणाची बहीण म्हणून नाही, रोपं चांगली असतात म्हणून.

टेम्पोने पाठवून देऊ नकोस. चालक ट्रे एकावर एक रचतात आणि शेंडे मोडतात, हे तूच सांगत असतोस. स्वतः घेऊन ये. लॅब पहिल्या मजल्यावर, मागच्या दाराने. बूट बाहेर काढावे लागतील, डोक्याला टोपी घालावी लागेल, हात दोनदा धुवावे लागतील. तू कुरकुर करशील. कर. दाराशी रखवालदार विचारेल, कोणाकडे जायचंय. तेव्हा इतके महिने न घेतलेलं माझं नाव सांगावं लागेल, पूर्ण. त्याशिवाय तो आत सोडत नाही.

मी खिडकीशीच असेन, पण मी बाहेर येऊन सांगणार नाही. तू सांग.

तुझी बहीण